भीतीची कवायत

कवायत सर बायकोचा हात काही केल्या सोडेनात. हृदयाच्या शस्त्रक्रियेला सहा आठवडे झाले होते. आज दवाखान्याच्या व्हरांड्यात सहा मिनिटं एकट्यानं चालून दाखवायचं होतं. जमलं तरच घराबाहेर एकटं फिरायची मुभा. एकतीस वर्षं शाळेच्या मैदानावर पोरांना पळायला लावणाऱ्या माणसाचे पाय फरशीला चिकटले होते.

“सर, चला ना,” व्यायाम करवून घेणारी मुलगी म्हणाली. ती त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. शाळेत दर शनिवारी नेमकं कवायतीलाच तिचं पोट दुखायचं.

“आज माझं दुखतंय,” सर पुटपुटले.

समुपदेशक बाई हसल्या. “पाय आणि मन बरोबरच चालू द्या. पाऊल टाकताना मनातली भीती बोलून टाका. अगदी मोकळेपणानं.”

इथंच घोटाळा झाला. चालता चालता बोलायची सरांना एकच रीत ठाऊक होती.

“डावा! उजवा! जिना चढलो – टाके उसवतील! डावा! उजवा!”

व्हरांडा दणाणला. बाकावर नंबराची वाट बघणारा एक सुतार उठून मागे लागला. “करवत – धरवेना!” त्याच्यामागे एक आजी. “सुनेला – ओझं झाले!” “कोण – म्हणालं!” करत सूनही रांगेत शिरली. नर्स धावत आली, “अहो, दवाखाना आहे हा!”

“बोलायचं असेल तर रांगेत!” सर गरजले. आणि नर्सही मुकाट्यानं रांगेत आली.

सरांच्या पायाखाली आता फरशी नव्हतीच. दवानं भिजलेलं मैदान होतं, फक्कीच्या पांढऱ्या रेषा होत्या, कोवळ्या उन्हात एकदम वळणाऱ्या शंभर सावल्या होत्या.

“शेवटी कोण आहे? पाऊल चुकतंय!” मागे न बघताच ते ओरडले.

“मी आहे, अहो!”

सर वळले. औषधांची पिशवी काखोटीला मारून बायको धापा टाकत येत होती. त्यांनी आपल्या रिकाम्या हाताकडे पाहिलं.

“नऊ मिनिटं झाली, सर,” मुलगी म्हणाली.

पण सरांचं लक्ष रांगेच्या टोकाला होतं. “तुझी भीती? मोठ्यानं!”

“तुम्ही न्हाणीघरात गेलात – की मी दाराला – कान लावून उभी असते!”

सगळ्या मैदानाला ऐकू जाणारा सरांचा तो आवाज कुठं गेला, कोण जाणे.

“विश्राम,” सर इतक्या हळू म्हणाले, की ते फक्त तिलाच ऐकू आलं. बाकीची रांग भिंतीपाशी जागच्या जागी पाय आपटत राहिली.