सासऱ्यांशेजारची खुर्ची

हंगामाच्या मध्यावर आमच्या लीगमध्ये मी पहिला होतो, आणि पहिला असणं हा माझा मूळ स्वभावच आहे, असं मला त्या रविवारी ठामपणे वाटत होतं.

आमची लीग काल्पनिक बेसबॉलची. कुठल्याही संघातले खरे खेळाडू निवडून आपापला मनातला संघ बांधायचा. ते मैदानात चमकले की गुण आपल्याला. रोज सकाळी फोनवर संघ लावायचा: कोण खेळणार, कोण बाकावर. बाकावरच्याचे गुण वाया! लीगमध्ये सगळे घरचेच, आणि बक्षीस एकच. हंगामाच्या मध्यावर जुलैत सामन्यांना सुट्टी असते, तोपर्यंत जो पहिला, तो उरलेला हंगाम सासऱ्यांशेजारी बसणार.

सासरे, म्हणजे अलॉइस, मिलवॉकीच्या मैदानात तिसऱ्या बेसमागच्या दोन खुर्च्या अख्ख्या हंगामाची तिकिटं काढून धरून आहेत, माझ्या लग्नाच्याही आधीपासून. चर्चमध्ये ते डुलक्या काढतात, मैदानात नाही. दुसरी खुर्ची तूर्त माझ्याकडे होती, आणि मेहुणा जेराल्ड तिच्याकडे मांजर माशाकडे बघतं तसा बघत होता. गुणांतही तो माझ्या पाठोपाठच होता.

पण माझा हुकमाचा एक्का सेंट लुइसचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, हॅस्ब्रुक होता. ही गोष्ट सासऱ्यांना मी सांगितली नव्हती. सेंट लुइस म्हणजे मिलवॉकीचा हाडवैरी, त्यांच्या घरात ते नाव जेवताना काढत नाहीत.

मिलवॉकीचा सुट्टीआधीचा शेवटचा सामना नेमका सेंट लुइसशीच. सकाळी अंगणात दोन झाडांना बांधलेल्या झोळीत पडल्या पडल्या मी संघ लावला. तळ्यावरून गार वारा येत होता, लिंडेनचं झाड फुललं होतं. बोट फोनवर फिरत होतं आणि मी ढगांवर.

मैदानातही तीच गुंगी. ऊन, सॉसेजचा धूर, ऑर्गनचे रेंगाळणारे सूर. हॅस्ब्रुक आमचे फलंदाज एकेक करून घरी पाठवत होता. सासरे कण्हत होते, त्यांच्यासोबत मीही तोंडदेखलं कण्हत होतो. मनात मात्र शरद ऋतू उजाडला होता. मी या खुर्चीत पाय पसरून बसलो आहे, आणि जेराल्ड मला मोहरीची चटणी लावलेलं सॉसेज अदबीनं आणून देतो आहे.

नववा, शेवटचा डाव. आम्ही एका धावेनं मागे, तिन्ही बेस भरलेले, शेवटचा गडी. सगळं मैदान श्वास धरून उभं. हॅस्ब्रुकनं चेंडू टाकला. आमच्या फलंदाजानं जीव खाऊन बॅट फिरवली, ती नुसत्या हवेला लागली. सामना हरलो.

चाळीस हजार माणसं गप्प झाली. आणि त्या शांततेत कुणीतरी ओरडलं, "शाबास, हॅस्ब्रुक!"

असा मूर्ख कोण म्हणून मी मागे वळून पाहिलं. सगळे माझ्याकडेच बघत होते. समोरच्या प्रचंड पडद्यावरही मीच होतो, दोन्ही हात वर, हनुवटीवर मोहरी.

सासऱ्यांनी टोपी काढली आणि माझ्या खुर्चीवर ठेवली. मी अजून बसलो नव्हतो.

घरी येईपर्यंत ते एकच वाक्य बोलले, "सिग्नल हिरवा झालाय."

ओसरीवर माझी बायको लोरेन आणि जेराल्ड बसले होते. त्यांनी टीव्हीवर सगळं पाहिलं होतं. मी खाकरून म्हणालो की भावना आपल्या जागी, नियम आपल्या जागी. पहिला तो पहिला. खुर्ची माझी.

"आज हॅस्ब्रुकला कुठे ठेवलं होतंस?" लोरेननं विचारलं.

"कुठे म्हणजे? खेळायला."

जेराल्डनं फोन पुढे केला. हॅस्ब्रुक बाकावर होता. त्याच्या जागी मी गुंगीत ज्याला लावलं होतं, तो खांदा दुखावून महिनाभर घरी बसला होता. जेराल्ड पहिला आला होता.

सासऱ्यांनी चष्मा लावला, फोन हातात घेतला, बराच वेळ पाहिला.

"म्हणजे यानं आपल्या संघाला विकलं," ते जेराल्डला म्हणाले, "आणि बदल्यात मिळालं काय?"

"काही नाही, बाबा."

मग ते माझ्याकडे वळले. आवाजात राग नव्हता, काळजी होती. "जावईबापू, गद्दारी करायची तर निदान नीट करावी."

आता जेराल्ड मैदानात जातो आणि मी सामने रेडिओवर ऐकतो. संघ मात्र झोळीत पडून लावत नाही. खुर्चीत ताठ बसून लावतो. खुर्ची स्वयंपाकघरातली आहे, पण शेजारी कुणी नसतं, त्यामुळे ओरडायला मोकळीक आहे.