वाघोबाचा डावा डोळा

"देवाचे डोळे मेणानं बसवायचे, हे आळशी मानसाचं काम," असं नथूने वाघबारशीच्या सकाळी अख्ख्या पाड्याला ऐकवलं. डोळखांबच्या डोंगरातल्या त्या पाड्याची रीत अशी, की त्या दिवशी वेशीवरच्या वाघोबाला शेंदूर लावायचा, चांदीचे डोळे बसवायचे आणि संध्याकाळी नैवेद्य दाखवून गुरांची राखण त्याच्यावर सोपवायची. यंदा मान नथूचा होता. मेण उन्हात पाघळतं म्हणून त्याने अक्कल चालवली आणि तांदळाच्या पिठात तूप-गूळ मळून चिकट लगदा केला. "वर्षभर हलनार नाय!"

वर्षभर राहू दे, विडी पेटेपर्यंतही लगदा टिकला नाही. नथू मागे वळला तर त्याचा कुत्रा खंड्या देवाचं तोंड चाटत होता. डावा डोळा लगद्यासकट कुत्र्याच्या पोटात गेला होता.

नथूने विडी फेकली. गेल्या वर्षी गोठ्याशी बिबट्या आला, तेव्हा ह्याच खंड्याने भुंकून पाडा गोळा केला होता आणि नथूच्या चार शेळ्या वाचवल्या होत्या. देवाला नवा डोळा घडवता येईल, खंड्या कुठून आणायचा?

पण नथू स्वतःला गुरांच्या औषधातला जाणकार समजे. "मीठपानी पाजतो. ओकला का डोळा बाहेर." त्याने जबडा धरला, तेवढ्यात रिक्षावाला पुतण्या मनोज याने शहापूरच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावलाही.

"मीठपाणी अजिबात नको, त्यानेच जीव जाईल," डॉक्टर म्हणाले. "काही पाजू नका, लगेच आणा. आणि तशीच दुसरी वस्तू असली तर तीही आणा, माप कळेल."

तशी दुसरी वस्तू देवाच्या चेहऱ्यावर होती. नथूने हात जोडून ती काढली.

"म्हंजे देव आता दोनी डोळ्यांनी आंधळा का रे?" शेजारच्या म्हाताऱ्या भिमीने विचारलं.

"दुपारपर्यंतच, आये."

"आन् वाघ तेवढ्यात आला मंग?"

नथूने डोळा रुमालात गुंडाळला. भिमीने खंड्याच्या डोक्यावर झेंडूचं फूल ठेवलं. "सावकाश ने रे मनोज. देव आत हाय."

रिक्षात नथूने खंड्याला मांडीवर घेतलं, शेजारी बायको हिराबाई बसली. एक्स-रेत पोटात चिंचोक्याएवढा पांढरा ठिपका दिसला. डॉक्टरांनी माप ताडून पाहिलं. "गुळगुळीत आहे, लहान आहे. बहुतेक आपोआप पडेल. उलट्या झाल्या किंवा खाणं सोडलं तर ताबडतोब आणा." नथूला रडूच आलं.

"रोज काय खातो हा?"

"भाकर," नथू छताकडे बघत म्हणाला.

"आणखी? खरं सांगा, औषध त्यावर ठरेल."

"सकाळची आंबील. लोटाभर. माझ्या वाटनीची."

नवरा लोटा चाटूनपुसून संपवतो म्हणून सहा वर्षं पहाटे उठून नाचणीची आंबील करणारी हिराबाई त्याच्याकडे बघतच राहिली.

संध्याकाळी वाघोबाने एका डोळ्याने नैवेद्य घेतला. दुसऱ्या डोळ्याने देव पाड्यात फिरून राखण करतोय, असं भिमीने सगळ्यांना समजावलं आणि ते सगळ्यांना पटलं. नथू मात्र दोन दिवस हातात काठी घेऊन खंड्याच्या मागे मागे हिंडत होता. तिसऱ्या दिवशी करवंदीच्या जाळीमागून त्याची आरोळी आली, तेव्हा शेतातली माणसं विळे टाकून धावली. डोळा राखेने, चिंचेने सात वेळा घासला आणि गुपचूप मेणाने बसवला.

आता देव धड आहे, खंड्याही धड आहे. पाड्यात त्याला कुणी हाड म्हणत नाही. नथूची आंबील मात्र लोटाभराची दोन लोटे झाली आहे, आणि ती संपेपर्यंत हिराबाई समोरून हलत नाही. खंड्या उंबऱ्याशी बसून आशेने बघतो. नथू डोळे मिटून पितो.