बिल मागायची घाई

"इकडे जेवताना घाई करायची नाही," गाईड सोलेनने फ्रान्समधलं ल्यों शहर दाखवताना येन्सन पती-पत्नींना सकाळीच बजावलं होतं. "आणि मागितल्याशिवाय बिल येत नाही. गिऱ्हाइकाला उठवणं उद्धटपणा समजतात." डेन्मार्कच्या त्या जोडप्याने हे इतकं मनावर घेतलं, की दीड वाजला तरी त्यांची माशाची वडी अर्धीच संपली होती.

सोलेनचा जीव मात्र पाळणाघरात. बुधवारी ते दोनला बंद व्हायचं, आणि आज बुधवारच. दोनदा उशीर झालेला. तिसऱ्यांदा झाला तर तिच्या लेकीची, लिओनीची जागा जाईल, असं संचालिका केरँबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं. म्हणून तर तिने त्याच गल्लीतली खानावळ निवडली होती.

"आन्सेल्म, गोड आणि कॉफी एकदमच आणता का?"

"एकदम?" मालकाने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने लग्न आणि बारसं एकाच मांडवात उरकायला सांगितलं होतं. "तुम्ही इथल्याच ना हो मॅडम? मग मधलं चीज कुठं गेलं?"

चीज आलं. "अगदी तुम्ही सांगितलं तसंच!" येन्सनबाई खूश.

पावणेदोन.

"बाकी राहू द्या. बिलच आणा."

आन्सेल्म आत गेला. बिल आलं नाही. डाव हातात घेऊन त्याची बायको आली. स्वयंपाक तिचा.

"काय बिघडलं माझ्या हातचं?"

"काही नाही हो! फार छान होतं."

"छान असतं तर माणूस चीजवरून उठतं का? गेल्या वर्षी एक जण असाच उठला, आणि गावभर सांगत सुटला, रस्सा पातळ होता म्हणून!"

"अहो, माझं बाळ..."

"बाळ आहे? मग तर पोटभर जेवा! अहो, हिला बदामाचा टार्ट आणा. आपल्यातर्फे!"

सोलेन उठली, बसली, पुन्हा उठली. मांडीवरचा रुमाल तिने पिळून दोरखंड केला होता. "पाळणाघर बंद होईल हो! ती केरँबाई एक मिनिट थांबत नाही. बाई नाही, दगड आहे दगड!"

कोटांच्या खुंटाळ्याआडून कुणीतरी खाकरलं. तिथे गळ्याला रुमाल बांधून साक्षात केरँबाई बसल्या होत्या.

सोलेनने हातातला रुमाल तोंडावर धरला.

"एक वाजल्यापासून बिल मागतेय," केरँबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "हा तिसरा टार्ट." त्यांनी हताशपणे काटा उचलला. "बसा तुम्ही. मी पोचेपर्यंत तिथं दोन वाजत नाहीत."