बापूंच्या डोक्यावरचा स्लॅब

आमचे शेजारी बापू बोलता बोलता एकदम तर्जनी वर करत आणि म्हणत, "ऐका!" मग आपण मुकाट्याने ऐकायचं. खडकीतल्या त्यांच्या जुन्या दुमजली घरात वरच्या मजल्याची जमीन लाकडी फळ्यांची होती, आणि तेच बापूंचं छत.

"कर्र... कर्र... दादा चष्मा शोधतोय," बापूंचं समालोचन सुरू होई. "खिडकीपाशी गेला. थांबला. सापडला! डोक्यावरच होता गाढवाच्या."

दादा म्हणजे बापूंचे थोरले भाऊ. वहिनी गेल्यापासून वर एकटेच. पाण्याच्या मोटारीचं बटण कोणी बंद करायचं, यावरून दोघांनी अबोला धरला, त्याला नऊ वर्षं झाली. मोटार मात्र तेव्हापासून दोघंही बंद करायला धावत.

मग तुळयांना वाळवी लागली. बापूंच्या चहात भुसा पडू लागला. ते कपावर बशी झाकून बसत आणि घोटापुरती उचलत. इंजिनिअर आला, त्याने तुळईत स्क्रू-ड्रायव्हर खुपसला, तो मुठीपर्यंत आत गेला. "लाकूड काढा, स्लॅब टाका." दादांचा हडपसरचा मुलगा लगेच तयार. अडले एकटे बापू.

"वाळवीचं पोट भरलंय. आता नाही खाणार ती."

"अहो बापू, एक दिवस दादा फळ्यांसकट तुमच्या ताटात येतील," मी म्हणालो.

"येऊ दे. तेवढंच बोलणं होईल."

शेवटी त्यांनी सही केली. चार महिने दादा मुलाकडे आणि बापू माझ्या बाहेरच्या खोलीत. स्लॅब टाकला त्या दिवशी सगळ्यांनी पेढे खाल्ले. बापूंनी त्यांचा पेढा खिशात टाकला.

दोघं घरी परतले. तिसऱ्या दिवशी सकाळी बापू माझ्या दारात, दाढी न केलेले.

"काही ऐकू येत नाही हो."

"मग बरंय की! निवांत झोपा."

"कसला निवांत? माणूस वर आहे की पडलाय, कळायला नको? दिवाळीपासून डावा पाय ओढतोय तो. हडपसरला कोणाला पत्तासुद्धा नसेल. तुम्ही जरा वर जाऊन बघता? पेपर मागायला म्हणून."

थट्टा करायला मी कधी मागे राहत नाही. त्या दिवशी मात्र जमली नाही.

"येतो," मी म्हणालो. "पण पुढे तुम्ही."

दादांनी दार उघडलं. आधी माझ्याकडे पाहिलं, मग बापूंकडे.

"काय पाहिजे?"

"चालून दाखव," बापू म्हणाले.

"मी काय दाखवायला आणलेली मुलगी आहे?"

पण चालले. खिडकीपर्यंत गेले, भिंतीला हात लावत परत आले. नव्या फरशीवर पावलांचा जराही आवाज नव्हता. बापू पायांकडे बघत राहिले.

"डॉक्टरला दाखवलंस?"

"जाईन सवडीने."

"चप्पल घाल," बापू म्हणाले.