प्रमुख अतिथी येईपर्यंत जॅझ

तुमसर येथील प्रगती क्लबच्या सभागृहात दर गुरुवारी सायंकाळी जॅझ होईल, असा ठराव कार्यकारिणीच्या सभेत एकमताने संमत झाला. जॅझ म्हणजे काय, हा विषय वेळेअभावी पुढील सभेपर्यंत तहकूब ठेवण्यात आला.

ठराव मांडला होता अंकुशने. अंकुश लग्नाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचा. क्लबचे अध्यक्ष टेकचंदभाऊ यांची राइस मिल होती आणि कोणत्याही विषयाला त्यांचा एकच प्रश्न असे. तो त्यांनी विचारला. "गोंद्यात हाय का हे?"

अंकुश म्हणाला, नाही.

"मंग पास."

तुमसरचा भंडारा जिल्हा तुटून गोंदिया वेगळा निघाला तेव्हापासून टेकचंदभाऊंचं मोजमाप पक्कं होतं. जे गोंदियात आहे ते आपल्याकडून गेलेलं आहे, आणि जे गोंदियात नाही ते आपल्याकडे तातडीने असायला हवं.

अंकुशचा स्वतःचा हेतू फार लहान होता, त्यामुळे तो ठरावात आला नाही. त्याची आई राधाबाई मोहाडीला हातमागावर विणायच्या. मुलाचा सॅक्सोफोन त्यांनी आजवर फक्त वरातीत ऐकला होता, तोही जनरेटरच्या पलीकडून. एकदा आईने खुर्चीवर बसून ऐकावं, आणि समोर कोणी घोड्यावर नसताना आपण मनाला येईल ते वाजवावं, एवढंच त्याला हवं होतं. ड्रमवर बँडमधलाच नत्थू होता. कीबोर्डवर शाळेत संगीत शिकवणाऱ्या हर्षा मॅडम. त्यांचा आवाज स्वच्छ असल्यामुळे निवेदनही त्यांच्याच गळ्यात पडलं.

पहिली अडचण सचिव तुलाराम यांनी काढली. ते एका सरकारी कार्यालयातून निवृत्त झाले होते, पण कार्यालय त्यांच्यातून निवृत्त झालेलं नव्हतं. त्यांनी गाण्यांची यादी मागितली. अंकुशने समजावलं की यात एक चाल सुरुवातीला ठरलेली असते, पुढे काय वाजवायचं ते वाजवता वाजवताच सुचतं. आता हे नाही म्हणणार, असं अंकुशला वाटलं. पण तुलारामजींचा चेहरा उजळला.

"अरे, हे तं आपल्या प्रत्येक सभेत असते. शेवटचा विषय. अध्यक्षांच्या परवानगीने ऐन वेळी येणारे विषय."

त्यानुसार असं ठरलं की मूळ चाल हा नियमित विषय समजावा. त्यानंतर जे सुचेल ते ऐन वेळचा विषय म्हणून अध्यक्षांच्या परवानगीने वाजवावं. तालमीत अंकुश प्रत्येक वळणावर थांबून टेकचंदभाऊंकडे बघायचा. टेकचंदभाऊ फोनवर कोणाशी तरी कनकीचा, म्हणजे तुकडा तांदळाचा, भाव बोलत असायचे. सूर अधांतरी लोंबकळायचा आणि नत्थू काठ्या वर धरून उभा राहायचा. शेवटी भाऊंनी सगळ्या ऐन वेळच्या विषयांना एकगठ्ठा परवानगी दिली आणि फोन चालू ठेवला.

पहिला गुरुवार उजाडला. कार्यक्रम म्हटल्यावर दीपप्रज्वलन आलंच. दिवा पेटवायला पाहुणे आले, पाहुणे आले म्हणून शाल-श्रीफळ आलं, शाल पांघरली म्हणून पाहुणे बोलायला उभे राहिले. बोलता बोलता त्यांनी आणखी तीन मान्यवरांचा गौरवाने उल्लेख केला. ते तिघे समोरच बसलेले निघाले, त्यामुळे त्यांचाही सत्कार करणं भाग पडलं. आभारप्रदर्शनाच्या आधी हर्षा मॅडमनी "आता जॅझ" असं म्हटलं, तेव्हा चौकीदार किल्ल्यांचा जुडगा घेऊन दारात उभा होता. अंकुशने मूळ चाल वाजवली. ऐन वेळचे विषय ऐन वेळी रद्द झाले.

दुसऱ्या गुरुवारी, पहिल्या गुरुवारी ज्यांचा सत्कार राहून गेला होता त्यांचा सत्कार झाला. नगरसेविका करुणाताई यांनी याबद्दल आधीच जाहीर नाराजी नोंदवली होती. तिसऱ्या गुरुवारी, ज्यांनी सत्कार केले होते त्यांचा सत्कार झाला, कारण आजवर त्यांचे हात फक्त देण्यातच गुंतले होते. त्यानंतर सत्काराला माणसं उरेनात. तेव्हा तुलारामजींची नजर मागच्या रांगेत बसलेल्या राधाबाईंवर गेली. त्यांना मंचावर बोलावून 'जॅझमाता' ही उपाधी देण्यात आली. राधाबाईंनी खांद्यावरच्या यंत्रमागाच्या शालीचं सूत दोन बोटांत धरून पाहिलं आणि ती घडी करून मांडीवर ठेवली.

या सगळ्यात अंकुशने एकही ऐन वेळचा विषय वाजवला नव्हता, पण कार्यक्रमाची कीर्ती वाढत होती. वरठीच्या कारखान्यातले कामगार मोटारसायकलवर येऊ लागले. जॅझमध्ये शाल मिळते, असं त्यांच्यापर्यंत पोचलं होतं.

मग एका गुरुवारी भंडाऱ्याहून येणाऱ्या पाहुण्यांची गाडी पंक्चर झाली. सभागृह भरलेलं. पाहुण्यांशिवाय दिवा पेटवता येत नाही, आणि दिव्याशिवाय कार्यक्रम सुरू होत नाही. तुलारामजी घाम पुसत अंकुशजवळ आले. "पाहुणे येईपर्यंत लोकायले असंच बसवून ठेवतं का? वाजव काहीतरी."

कार्यक्रम सुरूच झाला नव्हता, त्यामुळे त्याचे कोणतेही नियम लागू नव्हते. अंकुश उभा राहिला. वरातीतलीच एक उडती चाल त्याने इतकी सावकाश घेतली की लोकांना ती ओळखीची वाटली, पण कोणाच्या लग्नातली ते आठवेना. मग त्याने ती सोडली आणि दुसऱ्याच वाटेने निघाला. नत्थूने काठ्या ठेवून खराट्याच्या काड्यांची जुडी घेतली आणि ड्रमवरून हळू फिरवली. कीबोर्डवर हर्षा मॅडम अंकुशच्या मागोमाग गेल्या. मागच्या रांगेतल्या एका हमालाने तोंडातला खर्रा चघळणं थांबवलं. राधाबाई पुढे वाकून बसल्या होत्या, माग चालू असताना बसतात तशा.

चाल अगदी उंच गेली आणि बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. टेकचंदभाऊ उठले, म्हणून सगळे उठले, म्हणून सॅक्सोफोन थांबला. आत येत पाहुण्यांनी विचारलं, काय सुरू होतं?

"काही नाही साहेब," टेकचंदभाऊ म्हणाले. "तुमचीच वाट पाहून राहिलो होतो."

दिवा पेटला, आणि पाहुण्यांनी जॅझचं महत्त्व विशद केलं.

परतताना बसमध्ये राधाबाई अंकुशशेजारी बसल्या होत्या. मोहाडी जवळ आल्यावर म्हणाल्या, "बाबू, मंग पुढं काय होतं त्याच्यात? अर्ध्यातच राह्यलं ना."

"मले बी माहीत नाही, माय. वाजवलं असतं तं समजलं असतं."

त्या आठवड्यात अंकुशने शांतपणे विचार केला. क्लबमध्ये जॅझ कार्यक्रमात होऊ शकत नाही, फक्त कार्यक्रमाच्या आधी होऊ शकतो. कार्यक्रमाच्या आधीचा काळ पाहुणे येईपर्यंत असतो. म्हणजे येणारच नाहीत असे पाहुणे हवेत. निमंत्रण पत्रिका छापून आणण्याचं काम त्याच्याचकडे होतं. पुढच्या पत्रिकेत प्रमुख अतिथींच्या जागी ठळक अक्षरांत छापलं गेलं: 'मा. श्री. देवाजीसाहेब, माजी सहसंचालक (विशेष कार्य), नागपूर'. असे कोणी गृहस्थ नव्हते. कशाचे सहसंचालक, ते लिहिलेलं नव्हतं आणि तुमसरात कोणी विचारलंही नाही. माजी माणसाचं खातं विचारणं बरं दिसत नाही.

गुरुवारी पहिल्या रांगेच्या मधल्या खुर्चीवर टर्किश टॉवेल अंथरला गेला. हर्षा मॅडमनी माइक घेतला. साहेब नागपूरहून निघाले आहेत, ते येईपर्यंत आपण थोडं संगीत ऐकू. वाजवणं सुरू झालं. दोन तुकड्यांच्या मध्ये अंकुश कानात सांगेल तसं त्या सांगत, साहेब मौद्याला आहेत. साहेब भंडारा पार करत आहेत. साहेब वरठीच्या फाटकात अडकले आहेत, मालगाडी जाऊन राहिली आहे. मालगाडी लांब होती, अंकुश रंगात होता. एकदा तर वाजवणं इतकं जमून आलं की साहेब चुकून तुमसर ओलांडून बपेऱ्याला, पार मध्य प्रदेशाच्या हद्दीपर्यंत पोचले आणि त्यांना तिथून वळावं लागलं.

लोकांनी हे सर्व ऐकून घेतलं. जॅझ ऐका असं सांगितलं असतं तर अर्धे उठून गेले असते. पण पाहुण्यांची वाट पाहायची म्हटल्यावर कोणी हललं नाही, कारण वाट पाहण्याचा सर्वांना उत्तम सराव होता. मालगाडी लांबली की टाळ्या पडू लागल्या. राधाबाई पुढच्या रांगेत येऊन बसू लागल्या. "तुहे साहेब बिचारे चांगले हायेत," त्या म्हणाल्या. "कोणाले तरास नाही देत."

अडचण अशी झाली की साहेब फारच चांगले ठरत गेले. नागपुरात आपण त्यांच्याकडे जेवलो होतो, असं टेकचंदभाऊ सांगू लागले. त्यांचा धाक मोठा आहे, पण मन मऊ आहे, हे तुलारामजींना जुन्या नोकरीपासून ठाऊक होतं. टॉवेलच्या खुर्चीवर लोक निवेदनं आणून ठेवू लागले. कोणाला रस्ता हवा होता, कोणाला मुलीची बदली. त्यातली एक बदली खरोखरच झाली. त्यानंतर गर्दी आवरेना. करुणाताईंनी पत्रिकेत आपलं नाव साहेबांच्या वर असावं असा आग्रह धरला होता, तो त्यांनी स्वतःहून मागे घेतला.

आणि एका गुरुवारी, साहेब मौद्याला असताना, सफारी घातलेला एक गृहस्थ आत आला. साहेबांना अचानक बैठक लागली, त्यांनी प्रतिनिधी म्हणून मला पाठवलं आहे, मी त्यांचा स्वीय सहायक, असं त्याने सांगितलं. टेकचंदभाऊ उठले, सगळे उठले, सॅक्सोफोन थांबला. दिवा पेटला. साहेबांचं जॅझवरचं प्रेम या विषयावर सहायक बोलला, तो चौकीदार किल्ल्या घेऊन येईपर्यंत. शाल त्याने साहेबांच्या वतीने स्वीकारली, आणि एक स्वतःच्या वतीनेही.

कार्यक्रमानंतर अंकुशने त्याला ओट्यावर गाठलं. देवाजीसाहेब नाहीत, हे जगात एकट्या अंकुशला माहीत होतं. त्याने हळूच विचारलं, "साहेब कसे आहेत?"

"मजेत आहेत," सहायक म्हणाला. "तुमची आठवण काढून राहिले होते. पुढच्या गुरुवारी स्वतः येतो म्हणाले."

अंकुशने मान डोलावली. साहेब नाहीत, याची आता त्यालाही खात्री राहिली नव्हती. जो माणूस सहायक पाठवू शकतो तो स्वतःही येऊ शकतो.

त्याने रातोरात ठरवून टाकलं की साहेबांना रजा द्यायची. पण साहेबांऐवजी सहायक आल्यामुळे तुलारामजींनी नवीन नियम केला होता. यापुढे प्रमुख अतिथी खरे, हयात आणि सज्जन असावेत, आणि येण्याचं त्यांनी स्वतः कबूल केलेलं असावं. अंकुश मोहाडीला आईच्या मागाजवळ जाऊन बसला आणि त्याने पेच सांगितला. खरा माणूस पाहिजे, येतो म्हणणारा पाहिजे, आणि न येणारा पाहिजे. राधाबाईंनी धोटा टाकणं थांबवलं नाही.

"आमच्या प्रदर्शनात येते ना तसे लोक. लुगड्याचा काठ हातात घेते, ही कला टिकली पाहिजे म्हंते, फोटो काढते. पुढच्या खेपेले नक्की घेतो म्हंते, आन् जाते. त्यायच्यातला एक पाहून घे. ते नाही येत परत."

अंकुशला फार शोधावं लागलं नाही. अशी एक व्यक्ती त्याला चांगली माहीत होती. ती सुशिक्षित आहे, रसिक आहे. आपल्याकडे असं काही होतच नाही, ही तिची जुनी तक्रार आहे. कुठे असं काही होतं आहे असं कळलं की तिला मनापासून आनंद होतो. वा, जॅझ, आणि तोही तुमसरात, असं ती चार जणांना कळवते, नक्की येणार असं लिहिते, आणि गुरुवारी घरी असते. आजवर तिने एकदाही दगा दिलेला नाही. सध्या ती हे वाचते आहे.

तरी क्लबच्या वतीने आपणांस सविनय कळवण्यात येते की, येत्या आणि त्यापुढील सर्व गुरुवारी प्रमुख अतिथी म्हणून आपलंच नाव छापलेलं आहे. पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवर धुतलेला टॉवेल अंथरला आहे. शेजारी राधाबाई बसल्या आहेत. आपण निघालात, असं हर्षा मॅडमनी नुकतंच सांगितलं. नत्थूने खराट्याच्या काड्या हातात घेतल्या आहेत, आणि अंकुश अर्ध्यात राहिलेल्या त्या चालीच्या अगदी जवळ आला आहे.

कृपया घरीच थांबावं. आपण आलात, तर कार्यक्रम सुरू करावा लागेल.