रेवणप्पा नाकेदारांचे पाच थेंब

रेवणप्पा नाकेदार देवळात तीर्थसुद्धा हुंगून घेत. तळहातावर पळीभर पाणी पडलं की हात आधी नाकाशी जायचा, मग नजर पुजाऱ्याच्या तोंडाकडे, आणि पुजारी निर्धास्त उभा आहे अशी खात्री पटली की मग ते पीत. पुजारी बिचारा कितीतरी वर्षं त्यांना ओळखत होता. पण रेवणप्पांचं म्हणणं, ओळखीच्या माणसाकडे जास्त लक्ष ठेवावं लागतं, कारण अनोळखी माणसाकडे आपण आपोआपच ठेवतो.

मी त्या वेळी सोलापुरात एका डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपौंडर होतो. तेव्हा हा संशय मी लांबून बघितलेला नाही, समोर उभं राहून सोसलेला आहे. दवाखान्याच्या भिंतीला एक चौकोनी खिडकी होती. तिच्या आत मी, माझ्या बरण्या आणि खल, आणि बाहेर रोगी रिकाम्या बाटल्या घेऊन उभे. रेवणप्पा खिडकीत डोकं घालत ते पार खांद्यापर्यंत. मी बरणीचं झाकण काढलं की विचारत, "ही कंची?" मी नाव सांगितलं की विचारत, "कशावरनं?"

हा "कशावरनं?" सगळ्या पेठेला माहीत होता. पाऊस येईल म्हटलं तरी कशावरनं, आणि तुमच्या भाच्याला मुलगा झाला म्हटलं तरी कशावरनं.

हा गृहस्थ मूळचा मंद्रूपचा. तीस वर्षं जकात नाक्यावर घालवून नुकताच पेन्शनीत निघालेला. नाक्यावर त्यांच्या हातात एक लांब लोखंडी सळई असे. गाडीत कडबा असो, गाद्या असोत, सळई आरपार जायची. एकदा कडब्याची गाडी त्यांनी सळई न घालताच अडवली. गाडीवान म्हणाला, "नुस्ता कडबा हाय की मालक." रेवणप्पा म्हणाले, "व्हय, पर कडब्याला बैल एवढं घामाघूम हुत न्हाईत." कडबा उपसला तर खाली तुपाचे डबे. ही गोष्ट त्यांनी मला निदान पन्नास वेळा सांगितली असेल, आणि प्रत्येक वेळी डबे तेवढेच होते, हे मात्र मला कबूल केलं पाहिजे. दुसरा कोणी असता तर डबे वाढले असते.

नोकरी संपली, सळई सरकारजमा झाली, पण माणूस तोच राहिला. गिरण्यांच्या भोंग्यावर सगळं सोलापूर घड्याळं लावायचं. रेवणप्पांनी लक्ष ठेवून शोधून काढलं की दोन गिरण्यांचे भोंगे एकदम वाजत नाहीत, मध्ये दोन-चार श्वासांचं अंतर पडतं. "म्हंजे एक भोंगा लबाड हाय," ते म्हणाले. कोणता, ते मात्र त्यांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही, म्हणून त्यांनी घरात घड्याळच ठेवलं नाही.

माझ्यावर त्यांचा खास डोळा. त्या काळी आम्ही बाटलीत मिक्श्चर भरून तिला बाहेरून कागदाची पट्टी चिकटवत असू. पट्टीला कात्रीनं दात पाडलेले, एका दाताएवढं औषध म्हणजे एक डोस. माझ्या पट्ट्यांचा मला अभिमान होता. रेवणप्पांनी एके दिवशी फूटपट्टी आणली आणि माझे दात मोजले. दात सारखे निघाले. माणूस जरा हिरमुसला. मग बाटली उलटी करून म्हणाले, "हिचं बूड आतून वर आलेलं हाय. म्हंजे खालचा डोस ल्हान. शेवटच्या दिशी रोग्याला औषध कमी!"

खरं सांगायचं तर ते अगदी बरोबर होतं, आणि मी ते कबूल केलं नाही. मागे रांगेत उभी असलेली एक मोमीन म्हातारी वैतागून म्हणाली, "अजी नाकेदारसाब, दवा लेनी है या जप्त करनी है?" सगळी रांग हसली. मी तर सगळ्यांत जास्त हसलो.

पुढे गौरव्वा आजारी पडल्या. गौरव्वा म्हणजे रेवणप्पांचं कुटुंब. मूलबाळ नव्हतं, घरात ही दोघंच. बाई हसऱ्या, नवऱ्याच्या संशयाला त्या पावसाळ्यातल्या चिखलासारखं धरून चालत, म्हणजे लुगडं जरा उचलून. त्यांना जिना चढताना धाप लागू लागली. मग पाय सुजले, इतके की जोडवी बोटांत रुतली आणि सोनाराकडून कापून काढावी लागली. रेवणप्पा समोर बसून होते आणि कापलेले तुकडे त्यांनी तिथल्या तिथं तोलून घेतले, असं सोनारानंच मला सांगितलं. ते सांगताना सोनार हसला नाही. तुकडे तोलताना नाकेदारांना काट्याकडे बघवत नव्हतं, असंही तो म्हणाला.

डॉक्टरांनी तपासलं. हृदय दमलेलं होतं. त्यांनी डिजिटॅलिसचं टिंक्चर लिहून दिलं आणि रेवणप्पांना समोर बसवून बजावलं, "नाकेदार, हे औषध तोलूनमापून द्यायचं. जास्त झालं तर नाडी बसेल. कमी झालं तर सूज हटणार नाही आणि पाणी छातीपर्यंत चढेल."

आता ही असली औषधं आम्ही नेहमी पाण्यात मिसळून, मिक्श्चर करूनच देत असू. पण रेवणप्पा अडून बसले. "पाणी तुमचं नगं. पाण्यात काय बी दडतंय. मला नुसतं औषध द्या, पाणी मी घरचं घालतो, उकळून." डॉक्टर दमून म्हणाले, "दे बाबा त्यांना नुसतं." चिठ्ठीवर लिहिलं होतं पाच मिनिम, दिवसातून दोनदा; मिनिम हे पातळ औषधाचं सगळ्यांत लहान माप. मी अर्धा औंस टिंक्चर बाटलीत भरलं आणि सांगितलं, "पाच थेंब सकाळी, पाच थेंब संध्याकाळी." मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांनी शिकवलं होतं, मिनिम म्हणजे थेंब. कशावरून, हे मी कधी विचारलं नव्हतं.

"किती दिस पुरंल?" रेवणप्पांनी विचारलं.

"चोवीस दिवस," मी ठणकावून सांगितलं. अर्ध्या औंसात दोनशेचाळीस मिनिम, रोजचे दहा; हिशोब पक्का होता, आणि चोवीस दिवस हे तोंड खिडकीत दिसणार नाही याचा आनंदही होता.

पंचविसाव्या दिवशी सकाळी ते खिडकीत हजर. एका हातात बाटली, दुसऱ्या हातात पत्र्याची डबी. डबी त्यांनी फळीवर उपडी केली. चिंचोके होते. "एका डोसाला एक चिंचोका. मोजा. अठ्ठेचाळीस हाईत." मग बाटली माझ्या डोळ्यांसमोर धरली. "आन् ही बाटली अर्धी हाय. तुमी म्हनला हुता, संपंल. का संपली न्हाय?"

"अप्पा, लोक औषध कमी दिलं म्हणून भांडतात. तुम्ही उरलं म्हणून भांडायला आलात?"

"जास्ती कुनी कुनाला देत न्हाय. उरलंय म्हंजे एक तर ह्यात पाणी हाय, न्हाय तर माप चुकलंय. दोन्हीतलं कंचं, तेवढं सांगा."

पाणी म्हटल्याबरोबर माझं डोकं फिरलं. रांग ऐकत होती. मी म्हणालो, "माप चुकलंय ते तुमचं! तुमचे डोळे गेलेत, हात कापतो. पाच म्हणून तीनच थेंब पडत असतील, आणि संशय माझ्यावर!"

मला वाटलं, आता "कशावरनं?" येणार. आलं नाही. रेवणप्पांनी आपला उजवा हात उघडून बघितला. बराच वेळ बघितला. मग चिंचोके एकेक करून डबीत भरले आणि म्हणाले, "आसंल. हिची सूज बी हटंना. आसंल माझंच चुकत." आणि ते निघून गेले.

भांडण जिंकल्याचा आनंद मला फार वेळ टिकवता आला नाही. हा माणूस कधी काही कबूल करून गेला नव्हता. दुपारी दवाखाना रिकामा झाल्यावर मी बारीक रेघांचा मिनिमचा ग्लास घेतला आणि त्यात आधी साधं पाणी थेंब थेंब सोडलं. पाच थेंबांना बरोबर पाच मिनिम. बघ, म्हटलं, माझंच खरं. मग तशाच एका बाटलीतून टिंक्चर सोडलं. पाच थेंब झाले आणि औषध अडीच रेघांच्या खालीच. मी पुसून पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. पाच मिनिम भरायला अकरा थेंब लागत होते. टिंक्चरात स्पिरिट असतं, त्याचा थेंब पाण्याच्या थेंबापेक्षा कितीतरी लहान पडतो. इतकी वर्षं मी ग्लासानं मोजून मिक्श्चर करत आलो होतो, नुसत्या टिंक्चरचे थेंब मोजायची वेळच आली नव्हती.

म्हणजे त्या बाईला चोवीस दिवस अर्ध्याहून कमी औषध मिळालं होतं. आणि मी चारचौघांत तिच्या नवऱ्याला सांगितलं होतं की हे तुमच्या हातानं झालं.

मी ग्लास तसाच ठेवून उठलो. डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी स्वतः ग्लासात थेंब मोजून पाहिले. मग म्हणाले, "उलटी चूक झाली असती तर आज बाई नसती. जा. थेंब सांगू नकोस, ग्लासच देऊन ये." गौरव्वा पुढे पुष्कळ वर्षं होत्या, जोडवी पुन्हा घडवून घेतली, म्हणून हे आज सांगायला जीभ उचलते. त्या दुपारी तसं काही ठाऊक नव्हतं.

घरी गेलो तर गौरव्वा भिंतीला उशी लावून बसल्या होत्या, पाय पाटावर. रेवणप्पा खाली बसून एका वाटीतून दुसऱ्या वाटीत पाण्याचे थेंब सोडत होते. हात ठीक चालतोय का, बघत होते. मला बघून त्यांनी वाट्या बाजूला सारल्या.

मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. चूक माझी, तुमची नाही, तुमचा हात चांगला आहे, हे दोनदा सांगितलं. आता उभा-आडवा घेतील, अशी मनाची तयारी केली होती. पेठभर करतील, हेही धरलं होतं. रेवणप्पा नुसते म्हणाले, "म्हंजे माझ्या हातानं न्हाय झालं."

"नाही, अप्पा."

"बरं," म्हणाले आणि खांद्यावरच्या उपरण्यानं कपाळ पुसलं. "सकाळधरनं मी बाटलीला हात लावला न्हाय. हिलाच म्हनलं, तूच मोज."

मी ग्लासात पाच मिनिम मोजले, त्यांच्याच घरचं उकळलेलं पाणी घातलं आणि गौरव्वांपुढे धरलं. मधल्या मध्ये रेवणप्पांनी ते माझ्या हातून घेतलं आणि स्वतः पिऊन टाकलं.

"अहो अप्पा! हे काय करता?"

गौरव्वा शांतपणे म्हणाल्या, "बसा तुमी, कंपौंडर. आता तासभर कुटं जाऊ नगा. हे असंच करत्यात. कंची बी नवी बाटली आली, न्हाय तर माप बदललं, की पयला डोस ह्यांचा. मग तासभर मी ह्यांच्या तोंडाकडं बघत बसायचं. माझ्या सगळ्या दुखन्यांची औषधं आदी ह्यांनी पिलीत. लई भांडले, ऐकत न्हाईत."

"पण अप्पा, हे हृदयाचं औषध आहे. चांगल्या माणसानं घ्यायचं नसतं. तुम्हाला काही झालं म्हणजे?"

"मला झालं तर कळंल की, औषध खोटं हाय म्हनून," रेवणप्पा म्हणाले, जणू मी अगदीच साधी गोष्ट विचारली होती. "तिला झाल्यावर कळून काय उपेग? ही गेली तर मी कुनासाटी इचारपूस करू? मला दुसरं कोन हाय हो?"

मी त्यांची नाडी धरून बसलो. मोजत होतो आणि मोजलेलं विसरत होतो. गौरव्वांनी त्यांच्या तोंडावरची नजर हलवली नाही. मधूनच त्या कानडीत काहीतरी पुटपुटायच्या आणि ते डोळे मिटूनच मान हलवायचे. तास गेला. नाडी ठीक होती. खोलीत ऊन तिरपं आलं होतं.

"आता तिला द्या," रेवणप्पा म्हणाले. मी बाटली आणि ग्लास त्यांच्या पुढे सरकवला. त्यांनी घेतला, उजेडाकडे धरला आणि परत माझ्या हातात दिला. "तुमीच मोजा. मला रेघ दिसंना." त्यांचे डोळे भरले होते. ते उठले आणि आमच्याकडे पाठ करून दाराबाहेर बघत उभे राहिले.

मी बाटली तिरपी केली. त्यांनी वळून बघावं, खांद्यावरून वाकून बघावं, असं मला फार वाटत होतं. ते वळले नाहीत. मग मीच मनात "कशावरनं?" विचारत ते पाच मिनिम चार वेळा मोजले.