रेगेकाकांचं स्वीडिश कपाट

रेगेकाकांकडे जेवायला गेलं की हात धुण्याआधी लायब्ररीचं कार्ड दाखवावं लागतं. जेवण झालं की ते सगळ्यांना गाडीत कोंबून लायब्ररीत नेतात आणि प्रत्येकाच्या नावावर एकेक स्वीडिश पुस्तक काढायला लावतात.

स्वीडनचा इतिहास, तिथल्या कादंबऱ्या, तिथून अमेरिकेत आलेल्या शेतकऱ्यांच्या कहाण्या, असं इंग्रजी पुस्तकांचं एक अख्खं कपाट तिथे आहे. दोन वर्षं कुणी नेलं नाही की लायब्ररी पुस्तक काढून सेलमध्ये विकते, म्हणून ते कपाट वाचवण्याचा विडा काकांनी उचललाय. त्यापायी शिकागोजवळच्या आमच्या उपनगरात निम्म्या मराठी गाड्यांच्या मागच्या सीटवर स्वीडनचे राजे लोळत असतात. माझ्या मुलीने एकदा गंभीरपणे विचारलं, "बाबा, आर वुई स्वीडिश?"

काका मूळचे मालवणचे, रिटायर्ड सिव्हिल इंजिनिअर. दाखला मात्र कायम स्वीडिशांचा. ग्रीन कार्डच्या नावाने कुणी रडलं की म्हणणार, "ते लोक आठ-आठ आठवडे जहाजात ओकत आले! तुला विमानात व्हेज मील मिळालं होतं ना?" थंडीबद्दल तर त्यांच्यापुढे ब्र काढायची सोय नाही.

एकदा मी वैतागून म्हटलं, "काका, एवढा जीव आहे तर सेलमध्ये विकत घ्या ना ती पुस्तकं!"

"तू एक तरी उघडलंयस का?" काकांनी विचारलं.

मी उघडलं नव्हतं. शरमेने त्या दिवशी घरी येऊन नावावर असलेली कादंबरी उघडली. एका शेतकऱ्याची बायको नवऱ्यामागून अमेरिकेत येते, अशी गोष्ट होती. तिचा पाव फुगत नाही, त्या पानाच्या कडेला पेन्सिलीने बारीक मराठी अक्षरं होती: "अगं, इथलं पीठच वेगळं. मलाही महिना लागला." पुढे नवरा परस्पर दुसरीकडे जमीन घेतो, तिथे लिहिलं होतं, "मेल्या, तिला विचार तरी!" मी खो खो हसलो.

मग ती बाई खिडकीशी एकटीच उभी राहते, ते पान आलं. कडेला एवढंच होतं: "मलाही परत जायचंय. ह्यांना कसं सांगू?"

त्या 'ह्यांना'वर मी थांबलो. अक्षर सुमनकाकूंचं होतं, रेगेकाकांच्या बायकोचं. चार वर्षांपूर्वी त्या गेल्या. त्यांच्या लोणच्याच्या बरणीवरची चिठ्ठी अजून आमच्या फ्रिजमध्ये आहे.

दुसऱ्या दिवशी पुस्तक घेऊन मी काकांकडे गेलो. चष्मा पुसत ते म्हणाले,

"पहिल्या हिवाळ्यात तिला ड्राइव्ह करता येत नव्हतं. मी दिवसभर साइटवर. ती चालत लायब्ररीत जायची. मला वाटायचं, इंग्लिश सुधारतंय. चाळीस वर्षं संसार केला, मला एका शब्दाने बोलली नाही. त्या स्वीडिश बाईला सगळं सांगितलंन. मला सापडलं ते ती गेल्यावर."

मी विचारलं, "मग घरी का नाही आणत, काका?"

"घरी आणलं तर मी एकटाच वाचणार. मी वेळेवर ऐकलं नाही. निदान चार मराठी माणसांनी तरी तिचं ऐकावं." त्यांनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं. "तू पूर्ण वाचलंस?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मग चल, दुसरा भाग काढू," काका गाडीची किल्ली शोधत म्हणाले. "त्यात तिने नवऱ्याला धू धू धुतलाय."